ब्राझीलचा ऊस, ब्राझीलचे तेल

तेलाच्या परावलंबनाची चर्चा निघाली की आपल्याकडे ब्राझीलचे उदाहरण हटकून दिले जाते. 1973 साली अरब देशांनी तेल रोखले, भाव चौपट झाले आणि उसापासून इंधन काढून ब्राझीलने स्वतःची सुटका करून घेतली, अशी ती गोष्ट. ती खोटी नाही. पण अर्धी आहे.

त्या वेळी ब्राझील आपल्या गरजेचे सुमारे 80 टक्के तेल बाहेरून आणत होता. तरीही लष्करी राजवटीचे अध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांनी ‘प्रोआल्कोल’चा वटहुकूम काढला तो नोव्हेंबर 1975 मध्ये, म्हणजे तेलाच्या धक्क्यानंतर दोन वर्षांनी. मधल्या काळात काय घडले? 1974 च्या अखेरीस शिगेला पोचलेला साखरेचा जागतिक भाव वर्षभरात कोसळला. नवी यंत्रसामग्री घेऊन बसलेल्या कारखानदारांना गिऱ्हाईक हवे होते. म्हणून ही योजना तेलाइतकीच साखर वाचवण्यासाठी होती, असे माझे मत आहे.

सरकारने स्वस्त कर्जे दिली, खरेदीची हमी दिली, पेट्रोलपेक्षा अल्कोहोलचा दर कमी बांधून दिला. 1979 मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट 147 बाजारात आली. 1980 च्या दशकाच्या मध्याला विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलच्या होत्या. या भरभराटीची किंमत ऊसतोड कामगारांनी आणि नद्यांनी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. लिटरभर अल्कोहोलमागे 10 ते 15 लिटर सांडपाणी निघते. आसवनीजवळ राहणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचा वास समजावून सांगायला नको.

मग 1986 मध्ये तेल स्वस्त झाले, सरकारची तिजोरी आटली आणि साखरेला पुन्हा भाव आला. कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला. 1989 च्या सुमारास अल्कोहोलच्या पंपांवर रांगा लागल्या आणि इंधन स्वावलंबनाचा आदर्श मानल्या गेलेल्या देशाला अल्कोहोल आयात करावे लागले. लोकांचा विश्वास उडाला. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तसली नवी मोटार जवळपास कोणी घेईना. (डिसेंबर 2023 मध्ये आपल्या केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले तेव्हा मला हेच आठवले. तेथे कारखान्यांनी साखर निवडली, येथे सरकारने; उसाचे वाटेकरी तेच.)

तो विश्वास परत आला 2003 मध्ये. फोक्सवॅगनच्या गोल या मोटारीत दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालू लागली. अल्कोहोलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून त्याचा भाव पेट्रोलच्या 70 टक्क्यांच्या आत असेल तरच ब्राझीलचा चालक ते भरतो. निवड कारखानदाराकडून गिऱ्हाइकाकडे आली.

मालमोटारींच्या डिझेलला मात्र उसाने कधीच हात लावला नव्हता. 2006 मध्ये ब्राझीलने तेलातील स्वयंपूर्णता जाहीर केली तेव्हा अध्यक्ष लुला उभे होते ते उसाच्या फडात नव्हे, तर पेट्रोब्रास या सरकारी कंपनीच्या भर समुद्रातील तेलफलाटावर.