स्वहस्ते घडविलेले मोटारीतील संगणक

ज्या विद्येला पेढी नाही, पाठशाळा नाही आणि सरकारी दप्तरात जिची नोंद नाही, तिचा इतिहास लिहिण्यास सहसा कोणी धजत नाही. कारण कारखान्यांचे वृत्तांत कारखानदार जपतात, शोधांचे दाखले पेटंटांच्या कचेरीत सापडतात, पण हौसेने, पदरमोड करून आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजात केलेल्या कामाचे श्रेय मागावयास कोणी पुढे येत नाही, आणि ते काम करणारी पिढी दुसऱ्या उद्योगाला लागली की त्या कामाची स्मृतीही तिच्याबरोबर मावळते. स्वतःच्या मोटारीसाठी स्वतः संगणक जुळवून तो तीत बसविण्याची जी रीत १९९८ च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील इतर काही देशांत उदयास आली आणि पुढील बारा-पंधरा वर्षांत बहरून ओसरली, ती अशाच विद्यांपैकी एक होय. या रीतीने जगाला एखादे प्रचंड यंत्र दिले नाही. परंतु वाहनाचा मालक आणि वाहनातील यंत्रबुद्धी यांचे नाते कसे असावे, या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उत्तर तिने दिले, आणि म्हणून तिची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

मोटारीत संगणक आला तो मालकाच्या इच्छेने नव्हे. तो आला कायद्याच्या बडग्याने. १९७० साली अमेरिकेत संमत झालेल्या स्वच्छ हवेच्या कायद्याने मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. ही मुदत पुढे वाढवून मिळाली, तरी तगादा चुकला नाही, आणि १९७३ च्या तेलटंचाईने इंधनाच्या काटकसरीचा दुसरा तगादा त्याच्या जोडीला आणून बसविला. धुरातील तीन प्रमुख विषारी घटक एकाच वेळी निवारणाऱ्या उत्प्रेरकाला हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने १४.७ ला १ याच्या अगदी निकट ठेवावे लागते; इतके सूक्ष्म आणि क्षणोक्षणी बदलणारे नियमन कार्बोरेटरच्या स्क्रूने अथवा डिस्ट्रिब्यूटरमधील वजने-स्प्रिंगांनी साधणारे नव्हते. तेव्हा १९७७ च्या ओल्डस्मोबिल टोरोनॅडोत ठिणगीची वेळ ठरविण्याचे काम मायक्रोप्रोसेसरकडे गेले, १९७८ च्या लिंकन व्हर्सायमध्ये फोर्डने तोशिबाचा बारा बिटांचा प्रोसेसर योजला, आणि १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील बहुतेक सर्व पेट्रोल गाड्या संगणकाच्या अंमलाखाली आल्या. ही पेटी मोहोरबंद होती. तिला काय दिसते आणि ती काय ठरविते, हे जाणण्याची मुभा मालकाला नव्हती. बिघाड झाला म्हणजे डॅशबोर्डावर एक दिवा लागे, एवढाच तिचा त्याच्याशी संवाद.

याच काळात आणखी एक धडा मिळाला. १९७६ च्या क्रायस्लर गाड्यांत ठिणगीचे नियमन करणारी विद्युत्-पेटी थेट इंजिनावरील एअर क्लीनरच्या अंगाला जडविली होती, आणि तेथील उष्णतेने व कंपनाने ती वारंवार दगा देई. मोटारीत हिशेब करणे सोपे, पण हिशेब करणारे यंत्र मोटारीत जिवंत ठेवणे कठीण, हे तेव्हापासून सर्वांना कळून चुकले. आणि पुढील सर्व इतिहासात, मग तो कारखान्याचा असो वा हौशी माणसाचा, हीच अडचण निरनिराळ्या रूपांनी समोर येत राहिली.

मालकाच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच उपयोगासाठी, संगणक ठेवण्याचा एक आरंभीचा लक्षणीय बाजारी प्रयत्न १९८५ साली कॅलिफोर्नियात झाला. शिडाच्या नौकांच्या शर्यतींत दिशादर्शकाचे काम करणारे अभियंते स्टॅन हनी यांनी, अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांच्या आर्थिक पाठबळावर, एटॅक नावाची कंपनी काढली होती, आणि तिने त्या वर्षी मोटारीत बसविण्याचा नकाशादर्शक विक्रीस आणला. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारी व्यवस्था त्या वेळी सामान्य नागरिकाच्या हाती आलेली नव्हती. म्हणून चाकांवरील संवेदक आणि होकायंत्र यांच्या आधारे गाडी किती व कोणीकडे सरकली याचे गणित हे यंत्र करी, आणि गाडी रस्ता सोडून जात नाही या साध्या गृहीतकावर त्या गणितातील साचत जाणारी चूक नकाशावरील रस्त्यांशी ताडून दुरुस्त करी. नकाशे कॅसेटच्या फितींवर साठविलेले असत आणि एका महानगराच्या परिसराला अनेक फिती लागत. परंतु तापलेल्या आणि हादरे खाणाऱ्या गाडीत तत्कालीन फ्लॉपी डिस्कपेक्षा फीतच अधिक भरवशाची होती. दीड हजार डॉलरच्या घरातील किमतीमुळे हे यंत्र थोड्यांच्याच गाडीत पोहोचले. तथापि पडद्याच्या मध्यभागी स्थिर असलेली गाडी आणि तिच्याभोवती फिरणारा नकाशा, ही आज सर्वत्र रूढ झालेली मांडणी तेथे प्रथम प्रत्यक्ष वापरात आली.

हौशी कारागिरांचे युग सुरू झाले ते संगीताच्या निमित्ताने. एमपी-३ पद्धतीने आटोपशीर केलेली शेकडो गाणी घरच्या संगणकावर साठू लागली होती, पण मोटारीत मात्र कॅसेट नाहीतर सीडी एवढाच पर्याय होता. १९९८ अखेर क्लॅरियन कंपनीने विंडोज सीई प्रणालीवर चालणारा ऑटो-पीसी रेडिओच्या खणात बसेल अशा आकारात विक्रीस आणला. १९९९ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे ह्यूगो फाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सवर चालणारा एम्पेग हा संगीतवादक आणला, आणि त्याची चाहत्यांत मोठी वाहवा झाली. परंतु तयार यंत्राची किंमत परवडेना अथवा त्याच्या मर्यादा मानवेनात, अशा माणसांनी घरचा जुना संगणकच डिकीत ठेवला, पडद्याऐवजी दोन-चार ओळी दाखविणारी लहानशी पट्टी डॅशबोर्डावर लावली, आणि केवळ अंकांचा कळफलक हाताशी घेऊन गाणी बदलण्यास प्रारंभ केला. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत दोन बाह्य घटनांनी या छंदाला मोठे बळ दिले. मे २००० मध्ये अमेरिकेच्या सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत बुद्ध्या मिसळलेला दोष काढून टाकला, त्यामुळे सुमारे शंभर मीटरांपर्यंत चुकणारे स्थान आता रस्ता ओळखता येईल इतके नेमके मिळू लागले. आणि २००२ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड बाजारात आला, ज्यात संपूर्ण संगणक १७ सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौरसात सामावला होता आणि त्याला वीजही थोडकी लागत होती.

या विद्येचे खरे मर्म विजेच्या बंदोबस्तात होते. मोटारीची बॅटरी नावाला बारा व्होल्टांची. इंजिन चालू असता अल्टरनेटर हा दाब साडेतेरा-चौदापर्यंत चढवितो, स्टार्टर फिरताच तो क्षणभर सहा-सात व्होल्टांपर्यंत कोसळू शकतो, आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीची जोडणी अकस्मात तुटली तर नेहमीच्या कित्येक पट व्होल्टांचा लोंढा तारांतून धावू शकतो. इकडे संगणकाला बारा, पाच आणि ३.३ व्होल्टांचे अविचल दाब हवे. प्रारंभी लोकांनी इन्व्हर्टर लावून बॅटरीच्या विजेची घरगुती वीज केली आणि संगणकाच्या पॉवर सप्लायने पुन्हा तिची बॅटरीसारखी वीज केली. या दुहेरी उलाढालीत बरीच शक्ती केवळ उष्णता होऊन वाया जाई, आणि स्टार्टर मारताच संगणक बंद पडे तो पडेच. पुढे सहा व्होल्टांपासून चोवीस व्होल्टांपर्यंतचा कोणताही दाब पचवून संगणकाला थेट योग्य वीज पुरविणारे फलक निघाले, आणि ही अडचण कायमची मिटली.

परंतु वीज देण्याइतकेच ती वेळेवर तोडणेही महत्त्वाचे होते. गाडीची चावी फिरविली की दिवे-रेडिओ तत्काळ बंद होतात. संगणकाची वीज अशी तोडली तर त्याच्या डिस्कवरील नोंदींचा घोळ होतो. उलट तो चालूच ठेवला तर बॅटरी उतरते: केवळ शंभर मिलिअँपिअरचा झिरपही दिवसाला २.४ अँपिअर-तास खातो, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत अर्ध्याहून अधिक रिती होते. यावर तजवीज म्हणून एक छोटेसे नियंत्रक मंडल योजले गेले. चावी लागली की ते मदरबोर्डाला जागे करी. चावी निघाली की त्याला आवराआवर करण्याची सूचना देई, ठरलेला अवधी वाट पाही, आणि मग घरातील वडीलधाऱ्या माणसाने सर्वांची निजानीज झाल्यावर शेवटचा दिवा मालवावा त्याप्रमाणे वीज पूर्णपणे तोडी.

उरलेली कामे चिकाटीची होती. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावावयाचा, इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्यातून ती नेताना भोकाला रबरी कडे बसवावयाचे, म्हणजे पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण सोलवटून आग लागणार नाही. संगणक व अँप्लिफायर यांचे अर्थिंग एकाच ठिकाणी करावयाचे, नाहीतर अल्टरनेटरची शीळ इंजिनाच्या गतीबरोबर चढत-उतरत स्पीकरमधून ऐकू येई. हादऱ्यांचा मारा सोसावा म्हणून घरगुती हार्ड डिस्कऐवजी लॅपटॉपची अडीच इंची डिस्क रबराच्या पायांवर बसवीत. कारखान्याने रेडिओसाठी ठेवलेला खण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, दुहेरी असल्यास १०० मिलिमीटर. त्यात सात इंची स्पर्शपडदा बसविण्यासाठी मूळ चौकट कापून, फायबरग्लासचे थर देऊन, पुट्टी भरून, घासून आणि रंगवून ती अशी सफाईने नव्याने घडवीत की ती पाहणाऱ्याला कारखान्यातूनच आल्यासारखी वाटावी. डाख देणे, सुतारी, रंगकाम आणि आज्ञावलीलेखन ही चार निरनिराळ्या हातांची कामे येथे एकच माणूस करी, आणि जे साधले ते आकृत्यांसह इतरांना विनामूल्य सांगे. धावत्या गाडीत बोटाला सहज लागतील अशा मोठ्या बटणांच्या आज्ञावल्याही याच मंडळींनी रचल्या, कारण टेबलावरील संगणकाचा इवलासा बाण रस्त्यावर नजर ठेवून वापरता येत नाही.

या उद्योगाचा सर्वांत मोलाचा परिणाम मात्र संगीताच्या पलीकडचा होता. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ओबीडी-२ नावाची, इंजिनाची माहिती बाहेर देणारी, सर्वत्र समान अशी खाच ठेवणे कायद्याने आवश्यक झाले होते. हेतू प्रदूषणाच्या तपासणीचा; पण कॅनडातील एका छोट्या कंपनीच्या ईएलएम-३२७ या चिपमुळे ही खाच सामान्य संगणकाशी जोडता येऊ लागली, आणि वीस वर्षे मोहोरबंद असलेल्या पेटीचे म्हणणे मालकाला सहज वाचता आले. त्याहून पुढची मजल ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिप्पो या दोन अमेरिकनांनी मारली. २००१ मध्ये त्यांनी मेगास्क्वर्ट या नावाने इंजिनात पेट्रोल फवारण्याचे नियमन करणाऱ्या संगणकाचा आराखडा आणि आज्ञावली प्रसिद्ध केली. सुटे भाग मागवून, स्वतः डाख देऊन, सामान्य माणूस आपल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला स्वतः बनविलेला मेंदू बसवू लागला. इंधनाचा तक्ता स्वतः भरावयाचा, गाडी चालवून धुरातील ऑक्सिजनचे मोजमाप पाहावयाचे आणि तक्त्यातील आकडा सुधारावयाचा, या अभ्यासाने इंजिनाचे जे ज्ञान होई ते ग्रंथवाचनाने सहसा होत नाही.

आपल्याकडे या घटनांचा क्रम निराळा झाला. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी अखेरपर्यंत कार्बोरेटरची गाडी म्हणूनच ओळखली गेली, आणि जेट फुंकून साफ करणारा, कानाने टाइमिंग लावणारा मिस्त्री हाच तिचा वैद्य होता. २००० सालापासून प्रदूषणाचे नवे मापदंड देशभर लागू होताच मारुती ८०० सारख्या गाडीलाही इंधन फवारणी आणि तिचा संगणक आला; पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये नव्या गाड्यांच्या धुराची परीक्षा या कसोट्यांवर होऊ लागली; आणि बिघाडाची नोंद ठेवणारी ओबीडी व्यवस्था २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत सक्तीची झाली. म्हणजे कार्बोरेटरच्या उघड्या यंत्रापासून मोहोरबंद पेटीपर्यंत आपण एका दशकात आलो, आणि मालकाने ती पेटी स्वतः घडवून पाहण्याचा मधला टप्पा आपल्यातील फारच थोड्यांच्या वाट्याला आला. मिस्त्रीच्या हातचे ज्ञान त्यामुळे एकाएकी निरुपयोगी ठरले; त्याच्या जागी स्कॅनर आला, पण स्कॅनर सांगतो तो आकडा का आला हे शिकविण्याची तरतूद फारशी कोणी केली नाही.

पाश्चात्त्य देशांतही हौशी कारागिरांचे युग फार टिकले नाही. २००७ नंतर हातातील फोनच नकाशा दाखवू आणि गाणी वाजवू लागला. २०१४ साली ॲपलने कारप्ले आणि त्यापुढील वर्षी गूगलने अँड्रॉइड ऑटो आणले, आणि फोनचा पडदा डॅशबोर्डावर उमटविण्याची सोय कारखान्यातूनच मिळू लागली. नव्या गाड्यांत रेडिओ, वातानुकूलन आणि दिवे यांचा कारभार एकमेकांत इतका गुंतविलेला असतो की रेडिओचा खण मोकळा करणेही दुरापास्त झाले. संगणक गाडीत कायमचा आला, मात्र तो पुन्हा मोहोरबंद होऊन आला.

सोय झाली याचा विषाद मानण्याचे कारण नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने कारखान्याची जोडणी पुष्कळदा सरसही असते. परंतु विकत घेतलेल्या वस्तूच्या अंतरंगावर विकणाऱ्याचाच इजारा राहावा काय, हा प्रश्न आता न्यायाच्या दारी उभा आहे. २०१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटारदुरुस्तीची माहिती मालकास व स्वतंत्र गॅरेजला देणे बंधनकारक करणाऱ्या कायद्यास प्रचंड बहुमताने कौल दिला. २०१५ मध्ये अमेरिकेत वाहनातील आज्ञावली दुरुस्तीसाठी तपासण्यास कॉपीराइटच्या निर्बंधातून सूट मिळाली. आणि २०२२ मध्ये भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमताना मोटारींचाही तीत समावेश केला. या वादात कारखानदारांकडून एक आक्षेप नेहमी येतो, तो असा की हे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि त्याच्या हाती ते देणे धोक्याचे आहे. त्या आक्षेपाला तर्काने उत्तर देत बसण्याची आवश्यकता नाही. गॅरेजात बसून ज्यांनी विजेचा बंदोबस्त केला, डॅशबोर्ड घडविला, इंजिनाचा तक्ता भरला आणि केलेले सर्व काही इतरांना शिकविले, त्यांनी ही पात्रता सामान्य माणसात असते याचा पुरावा आधीच सादर केला आहे. तो नोंदवून घेणे एवढेच आता कायद्याचे काम उरले आहे.