साहेब पाच वेळा हरले

आमच्या हपिसात कुणाला काही शिकवायचं ठरलं की माझ्या पोटात गोळा येतो. पूर्वी बरं होतं. बाहेरून कुणी तरी विद्वान यायचा, पडद्यावर चित्रं दाखवायचा, मध्ये चहा-बटाटेवडा व्हायचा आणि वड्यानंतरच्या तासाला निम्मं हपीस उघड्या डोळ्यांनी झोपायचं. तीस वर्षांच्या नोकरीत ही कला मला चांगली साधली होती. पण गेल्या वर्षी वरून हुकूम सुटला की, यापुढे शिक्षण खेळातून होईल. मोबाइलवर प्रश्न, बरोबर उत्तराला गुण, शंभर गुणांना एक चांदणी आणि रोज सकाळी भिंतीवर सर्वांची क्रमवारी. याला म्हणे गेमिफिकेशन म्हणतात. शब्द जिभेवर बसेपर्यंत माझा नंबर शेवटून दुसरा लागलासुद्धा. शेवटचा नंबर ज्यांचा होता, ते गृहस्थ मार्चमध्येच निवृत्त झाले होते.

मग मी ईर्षेला पेटलो आणि 'आग कशी विझवावी' या धड्यात चक्क तीन चांदण्या मिळवल्या. महिन्याभरात आमच्या चहाच्या शेगडीपाशी एका फडक्यानं खरोखरच पेट घेतला, तेव्हा भिंतीवरचं ते लाल नळकांडं खाली कसं काढायचं, हे तीन चांदण्यांच्या मानकऱ्याला ठाऊक नव्हतं! चहावाल्या मावशींनी फडकं चिमट्यानं उचलून मोरीत टाकलं आणि वर नळ सोडला. त्यांच्या नावावर एकही चांदणी नाही.

पहिला नंबर अर्थातच साहेबांचा. साहेबांच्या मोबाइलवर बोटं कुणाची चालतात हे सर्वांना माहीत, पण ते बोलायचं नाही. कॅरमचंही तसंच. साहेब खेळायला बसले की भल्याभल्यांचा नेम चुकतो आणि राणी आपल्या पायांनी साहेबांच्या भोकात जाते.

खेळातून काम शिकवणं ही मला आजकालची टूम वाटायची. पण युद्धाच्या इतिहासाची पुस्तकं चाळायचा मला नाद आहे, आणि तिथे हे खूळ दोनशे वर्षांचं निघालं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटनं नकाशावर सोंगट्या आणि फासे मांडून लढाईचा खेळ तयार केला आणि जनरल स्टाफच्या प्रमुखांना दाखवला. म्युफलिंग हे त्यांचं नाव. आधी ते कंटाळल्यासारखे बघत होते म्हणतात. पण डाव रंगत गेला तसे खुर्चीतून पुढे सरकले आणि शेवटी, हा खेळ नव्हेच, ही युद्धाची शाळा आहे, असं म्हणाले. पुढे पलटणीपलटणीत तो खेळ पोचला.

पण मला खरा भावला तो १९४२ सालचा लिव्हरपूलमधला डाव. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडचं धान्य, तेल, दारूगोळा सगळं अटलांटिक महासागरातून जहाजांच्या तांड्यांनी यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. तांड्याभोवती पहारेकरी युद्धनौका असत. पण रात्री हल्ला झाला म्हणजे नेमकं काय करायचं, यावर त्यांच्या कप्तानांचं एकमत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या अकलेनं धावायचा. आमच्या हपिसात वीज गेल्यावर होतं तसं.

नौदलाला अखेर गिल्बर्ट रॉबर्ट्स या कप्तानाची आठवण झाली. क्षयामुळे त्यांना १९३८ साली घरी बसवलं होतं. जानेवारी १९४२ मध्ये त्यांना लिव्हरपूलला धाडलं आणि डर्बी हाऊस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. हाताखाली नौदलाच्या महिला पथकातल्या मुली, बहुतेक विशीच्या आसपासच्या. समुद्रावर लढण्याचा अनुभव शून्य. या मंडळींनी जमिनीवरच्या लिनोलियमवर चौकटी आखल्या आणि त्यावर लाकडी जहाजं मांडली. तोच अटलांटिक महासागर!

शिकायला आलेले कप्तान कॅनव्हासच्या पडद्यामागे उभे राहायचे. पडद्याला छोटीशी फट. अंधाऱ्या रात्री समुद्रावर दिसेल तेवढंच त्यातून दिसायचं. दर चालीला दोन मिनिटं. तेवढ्यात निर्णय घ्यायचा. मुली खडूनं जहाजांच्या वाटा काढायच्या. स्वतःच्या पांढऱ्या, पाणबुडीच्या हिरव्या, आणि त्या हिरव्या रेघा फटीतून दिसत नसत. डाव संपला की पडद्याबाहेर यायचं आणि पाणबुडी कुठून आली नि आपण कुठे भलतीकडे धावत सुटलो, ते जमिनीवर डोळ्यांनी बघायचं.

या फरशीवरच रॉबर्ट्स आणि त्या मुलींनी एक कोडं सोडवलं. तांड्याच्या अगदी मधली जहाजं कशी बुडतात? बाहेरून मारा करून ते जमेना. तेव्हा लक्षात आलं, की पाणबुडी रात्री पाण्यावरूनच, मागच्या बाजूनं तांड्यात शिरते, कारण मागे कुणी बघतच नाही. मग आत तडाखा देऊन बुडी मारायची आणि तांडा डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा. चोर घरात आणि पहारेकरी अंगणात! यावर त्यांनी तांड्याच्या मागचं पाणी शिस्तीत पिंजून काढायचा नवा डाव बसवला. जीन लेडलॉ या मुलीनं त्याला 'रास्पबेरी' हे नाव सुचवलं. इंग्रजीत ओठांनी काढायच्या एका असभ्य आवाजालाही रास्पबेरी म्हणतात, आणि हा आवाज हिटलरसाठी होता.

नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथे मॅक्स हॉर्टन हे नवे अॅडमिरल आले. पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडीवरून लढलेले, आणि स्वभावानं कडक. ते फरशीवर पाणबुडीच्या बाजूनं खेळायला उतरले. समोर पहारेकरी म्हणून जॅनेट ओकेल ही मुलगी. असं सांगतात, की साहेब पाच डाव खेळले आणि पाचही वेळा बुडाले. ते भडकले, काही तरी लबाडी आहे म्हणाले. मग पडद्याआडून ती विशीतली पोर पुढे आली.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि आमचा कॅरमबोर्ड डोळ्यांपुढे आणला. आमच्याकडे त्या पोरीची दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला बदली झाली असती. तिथे ती शाळा युद्ध संपेपर्यंत चालली. जवळपास ५,००० अधिकारी तिथे शिकून गेले आणि त्यांना शिकवत होत्या त्या मुलीच. मे १९४३ मध्ये जर्मनांच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि उत्तर अटलांटिकमधून त्यांना माघार घ्यावी लागली. हे काही एकट्या खडूचं श्रेय नव्हे. रडार, विमानं, फोडलेली गुप्त लिपी, सगळ्यांचाच त्यात हात होता. पण खडूचा वाटा होताच.

लहानपणी आमच्या वाड्यात पकडापकडी चालायची, तेव्हा धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घ्यायचे. तो आउट झाला तरी आउट नाही. त्या पोराला त्यात कमीपणा वाटे. पण पळायला तो शिकायचा तिथेच. लिव्हरपूलच्या त्या फरशीवर मोठमोठे कप्तान आठवडाभर लिंबूटिंबू होत होते. चुकत होते, बुडत होते आणि चहा पिऊन पुन्हा मांडत होते. बाहेरच्या समुद्रात लिंबूटिंबू कुणीच नव्हतं. त्या व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशीही होते; त्यांत आपले कोकणातले दर्यावर्दी होते, खाणंपिणं सांभाळणारे गोव्याचे लोक होते. कप्तान चुकला की तेही बुडत. कितीतरी जण परत आलेच नाहीत.

त्या फरशीवर कुणाला चांदणी मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही. भिंतीवर क्रमवारी असती, तर अॅडमिरलसाहेबांना हरवायची छाती कुणाची झाली असती?

काल मी मावशींना गाठलं आणि ते लाल नळकांडं भिंतीवरून काढायला शिकलो. म्हणजे आधी पिन ओढायची विसरलो, मग नळी स्वतःकडेच धरली. मावशी पोट धरधरून हसल्या. "अहो, असं धरलंत तर आगीआधी तुम्हीच विझाल की!" म्हणाल्या. तिसऱ्यांदा जमलं.

साहेब दारातून बघत होते. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एकदा?"

ते जरा घुटमळले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.