‘बीओएस’ ते ‘हायकू’ : एका प्रकल्पाची वाटचाल

ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी 1990 मध्ये ‘बी’ ही कंपनी स्थापन केली. ध्वनी आणि चित्रफितींचे काम सहज पेलणारी ‘बीओएस’ ही तिची संगणक प्रणाली जाणकारांना भावली, बाजाराला मात्र नाही. 2000 मध्ये पाचव्या आवृत्तीचे एक रूप मोफत देऊनही चित्र पालटले नाही. ऑगस्ट 2001 मध्ये पाम कंपनीने 1 कोटी 10 लाख डॉलरला हा पसारा विकत घेतला. प्रणालीचा विकास तिथेच थांबला.

वापरणारे मात्र थांबले नाहीत. मोफत आवृत्तीत नवे ड्रायव्हर आणि दुरुस्त्या घालून ‘बीओएस मॅक्स’सारख्या अनधिकृत आवृत्त्या स्वयंसेवकांनी तयार केल्या. नवे प्रोसेसर आले, एक जीबीपेक्षा अधिक मेमरी असलेल्या यंत्रांवर मूळ प्रणाली सुरूच होईना. त्यावरही त्यांनी ठिगळे शोधली. हे काम थोर होते, पण मूळ सोर्स कोड हाती नसताना त्याला मर्यादा होती.

ही मर्यादा ओळखून ऑगस्ट 2001 मध्येच ‘ओपनबीओएस’ प्रकल्प उभा राहिला होता. मायकेल फिप्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या कामाचा संकल्प धाडसी होता : संपूर्ण प्रणाली नव्याने लिहायची आणि जुने प्रोग्रॅम तिच्यावर जसेच्या तसे चालवायचे. बीचे माजी अभियंता ट्रॅव्हिस गायसेलब्रेख्ट यांच्या ‘न्यूओएस’ कर्नलचा पाया मिळाला. बीओएसमधील ट्रॅकर (फाइल व्यवस्थापक) आणि डेस्कबार (कार्यपट्टी) यांचा कोड बी कंपनीने आधीच खुला केला होता, तोही उपयोगी पडला. 2003 मध्ये ‘हायकू इन्कॉर्पोरेटेड’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जुन्या नावाची मालकी पामकडे असल्याने 2004 मध्ये प्रकल्पानेही ‘हायकू’ हे नाव घेतले.

पुढची वर्षे चिकाटीची होती. ॲक्सेल ड्यॉर्फलर, इंगो वाइनहोल्ड आणि असंख्य स्वयंसेवक नोकरी-शिक्षण सांभाळून कोड लिहीत राहिले. 2007 पासून ‘गूगल समर ऑफ कोड’मधून विद्यार्थीही येऊ लागले. एप्रिल 2008 मध्ये हायकूवरच हायकू संकलित होऊ लागली. प्रणाली स्वतःच्या पायावर उभी राहिली ती तेव्हा. सप्टेंबर 2009 मध्ये पहिली अल्फा आवृत्ती आली.

2012 च्या चौथ्या अल्फानंतर मात्र जवळजवळ 6 वर्षे एकही अधिकृत आवृत्ती निघाली नाही. बाहेरून ही मरगळ वाटली असेल. प्रत्यक्षात याच काळात पॅकेज व्यवस्थापनाची नवी रचना प्रणालीत रुजली. पहिली बीटा सप्टेंबर 2018 मध्ये आली. 2021 पासून देणग्यांच्या बळावर संस्थेने एका विकासकाला पूर्णवेळ मानधन देणे सुरू केले.

पाचवी बीटा सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. 64 बिट यंत्रांसाठी वेगळी आवृत्ती आहेच. 32 बिट आवृत्तीवर बीओएसचे अनेक जुने प्रोग्रॅम आजही चालतात.