स्त्रीहक्कांचा लढा आणि वर्णभेद

समस्त स्त्रीजातीला न्याय मिळावा या उदात्त हेतूने अमेरिकेत जी चळवळ उभी राहिली, तिच्या इतिहासात एक खेदजनक परंतु बोधप्रद प्रकरण आहे. ज्ञातिबंधुभगिनींच्या विचारार्थ ते येथे संक्षेपाने सादर करीत आहे.

न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे जुलै १८४८ मध्ये स्त्रीहक्क परिषद भरली. तेथील जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया व ३२ पुरुष यांनी सह्या केल्या. मताधिकाराच्या ठरावास हिरिरीने पाठिंबा देणारे फ्रेडरिक डग्लस हे दास्यातून निसटलेले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. परंतु एकही कृष्णवर्णीय स्त्री तेथे उपस्थित असल्याची नोंद नाही. पुढे १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणास्तव मताधिकार नाकारण्यास बंदी केली. स्त्रियांचा मात्र तीत समावेश नव्हता. या वादात चळवळ दुभंगली, आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्यासारख्या थोर विदुषीच्या लेखणीतूनही कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेचे उद्गार निघाले.

३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टन येथे मताधिकारासाठी स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली. दास्यात जन्मलेल्या निर्भय पत्रकार आयडा वेल्स-बार्नेट या इलिनॉय राज्याच्या पथकाबरोबर शिकागोहून आल्या होत्या. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रियांचा रोष ओढवेल, या भीतीने त्यांना मिरवणुकीच्या मागील भागात चालण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मान्य केले नाही. रस्त्याकडेच्या गर्दीत त्या थांबल्या आणि आपले पथक समोर येताच पुढे होऊन दोन गौरवर्णीय सहकारिणींच्या मध्ये चालू लागल्या.

१९२० साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. तथापि दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय भगिनींना साक्षरतेच्या परीक्षा, मतदानकर व धाकदपटशा यांमुळे १९६५ च्या कायद्यापर्यंत तो बजावता आला नाही. ‘तुम्ही तूर्त मागे राहा’ या सांगण्याचा अर्थ ४५ वर्षे असा झाला!

कायदेपंडिता किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली या अनुभवामागील तत्त्व विशद केले. स्त्री म्हणून होणारा अन्याय व वर्णामुळे होणारा अन्याय एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटतात. ते निरनिराळे मोजले, तर तिचे दुःख दोन्ही हिशेबांतून सुटते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. तेथील दुःखात त्यांना येथील दुःख दिसले. तेथील चुकीतही आपण आपली चूक पाहावी. आपल्या संमेलनात ‘भगिनी’ म्हणून आपण कोणास हाक मारतो? खेड्यातील निर्धन विधवा, मोलमजुरी करणारी माता, ज्ञातीच्या कुंपणापलीकडील स्त्री यांपैकी कोणाला आपण ‘तूर्त मागे राहा’ असे सांगत आहो? संस्थेच्या प्रगतीचा आढावा घेताना प्रत्येक सभासद कुटुंबाने हा प्रश्न स्वतःस विचारावा, एवढीच नम्र विनंती.