‘इजेक्ट’ कमांडची कुळकथा

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘इजेक्ट’ टाइप करून एन्टर दाबले की सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर येतो. सीडी, डीव्हीडी, फ्लॉपी, टेप, यूएसबी डिस्क अशी काढता-घालता येणारी माध्यमे संगणकापासून सुखरूप वेगळी करणे, एवढेच या कमांडचे काम. ट्रे उघडायला ड्राइव्हवर बटण असतेच. तरीही कमांडची गरज का पडली, याचे उत्तर लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनले त्या युनिक्सच्या घडणीत आहे.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. ‘माउंट’ आणि ‘अमाउंट’ या कमांड तिच्यात आहेत. माउंट केलेली डिस्क एकाच फाइलवृक्षाची फांदी होऊन जाते. अमाउंट केली की ती फांदी सुटते. यात एक मेख होती. डिस्क मेमरीपेक्षा फार संथ, म्हणून युनिक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. वापरणाऱ्याला फाइल जतन झालेली दिसते, पण प्रत्यक्षात ती अजून डिस्कवर पोहोचलेली नसते. त्या क्षणी कोणी डिस्क काढली, तर मजकूर अर्धवट राहतो आणि फाइलींची मांडणीही बिघडते. त्यामुळे ‘आधी अमाउंट, मग डिस्कला हात’ असा नियम पडला. तो पाळणे मात्र माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होते.

पुढचे पाऊल यंत्ररचनेत पडले. जानेवारी १९८४मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये सोनीचा साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह होता, आणि त्याला बटण नव्हते. पडद्यावरून सांगितले की लिहायचे राहिलेले काम उरकून मोटर फ्लॉपी बाहेर ढकलत असे. अडलीच, तर बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसावी लागे. सन मायक्रोसिस्टिम्सच्या स्पार्कस्टेशन संगणकांतही फ्लॉपी अशीच मोटरने बाहेर येई, आणि ते काम करणारी कमांड सनच्या युनिक्समध्ये ‘इजेक्ट’ याच नावाने होती. साध्या पीसीच्या फ्लॉपी ड्राइव्हला मात्र बटण होते. दिवा विझेपर्यंत थांबायचे की नाही, हे तिथे वापरणाऱ्यानेच ठरवायचे.

लिनक्ससाठी ‘इजेक्ट’ लिहिली जेफ ट्रँटर यांनी, १९९०च्या दशकात. लिनक्सवर सीडी-रॉम कसा वापरावा याची मार्गदर्शिकाही त्यांचीच. भारतात त्या काळी ‘पीसीक्वेस्ट’सारख्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी येत आणि संथ डायलअपच्या दिवसांत अनेकांची लिनक्सशी पहिली भेट त्यांतूनच झाली. विंडोजची सवय असलेला नवखा ड्राइव्हचे बटण दाबत राही, पण ट्रे हलत नसे. सीडी माउंट झाली की लिनक्सचा गाभा ड्राइव्हचे दार कुलूपबंद करत असे आणि बटण निकामी होई.

‘इजेक्ट’चे काम दोन टप्प्यांत चालते. संबंधित डिस्कचे जे जे भाग माउंट केलेले असतील ते सगळे ती आधी अमाउंट करते. राहिलेले लेखन याच टप्प्यात पुरे होते. एखाद्या प्रोग्रॅमने त्यातली फाइल उघडून धरली असेल, तर अमाउंट होत नाही आणि ट्रेही उघडत नाही. दुसऱ्या टप्प्यात माध्यम बाहेर काढायचा आदेश जातो. प्रत्येक जातीच्या ड्राइव्हची भाषा वेगळी असल्याने सीडी-रॉम, स्कझी, फ्लॉपी आणि टेप अशा चार पद्धती क्रमाने वापरून पाहिल्या जातात. स्कझी पद्धतीत आधी दाराचे कुलूप काढले जाते आणि मग माध्यम सोडण्याचा आदेश दिला जातो.

मुक्त परवान्यामुळे या कमांडला अनेकांचे हात लागले. नोबुयुकी त्सुचिमुरा यांनी सीडीचा वेग ठरवण्याची सोय दिली. सिब्रेन स्ट्यूव्हेल यांनी उघडा ट्रे बंद आणि बंद ट्रे उघडा करणारा पर्याय जोडला. ट्रे नुसता आत घेण्याचाही पर्याय आहे, पण लॅपटॉपचा ट्रे स्प्रिंगने उघडतो, त्याला आत ओढणारी मोटर नसते. तिथे तो चालत नाही. २०१२मध्ये ‘युटिल-लिनक्स’ या मूलभूत साधनसंचाच्या २.२२ आवृत्तीत ‘इजेक्ट’चा समावेश झाला. माउंट आणि अमाउंट याच संचात आहेत.

सीडी मागे पडली तरी कमांड टिकली, कारण संगणकच हाताच्या टप्प्याबाहेर गेले. पनवेलमध्ये २०२०च्या जुलैत सुरू झालेल्या योट्टा एनएम-१ या डेटा सेंटरची क्षमता ७,२०० रॅकची आहे. अशा केंद्रातला सर्व्हर चालवणारा माणूस पुण्यात किंवा परदेशात बसलेला असू शकतो. ड्राइव्हचे बटण त्याच्या उपयोगाचे नसते. सर्व्हरना सीडी ड्राइव्ह असत तेव्हा रांगेतले नेमके यंत्र ओळखायला ही कमांड कामी येई. दुरून ‘इजेक्ट’ दिली की ज्याचा ट्रे बाहेर येई तोच सर्व्हर, हे समोर उभ्या तंत्रज्ञाला कळत असे. आता ते काम ओळखदिवा लावणाऱ्या कमांड करतात.

आज सर्व्हरवर प्रणाली बसवताना सीडीची प्रतिमा-फाइल नेटवर्कवरून जोडली जाते. आभासी संगणकातला ड्राइव्हही आभासीच असतो. त्यातली ‘सीडी’ सोडवायला तीच ‘इजेक्ट’ चालते, कारण आभासी ड्राइव्ह खऱ्या ड्राइव्हचेच आदेश ओळखतो. पेनड्राइव्हवरही ती चालते: आधी अमाउंट, मग सोडण्याचा आदेश. त्याची वीजही तोडायची असेल, तर आजच्या लिनक्समध्ये ‘युडिस्क्स’ची वेगळी कमांड आहे. टाइप करणारा हजारो किलोमीटरवर असो वा शेजारी, मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय ती सुटत नाही.