जिनाचा भोंगा आणि न्यूयॉर्कची पहाट

आमच्या खामगावाला घड्याळ शिकवले ते जिनाच्या भोंग्याने. माझी आजी कापसाच्या हंगामात जिनात कामाला जात असे. पहाटेच्या भोंग्याला ती घरातून निघे. परत केव्हा येईल हे मात्र भोंगा सांगत नसे. बाजारात कापसाच्या बैलगाड्या उभ्या असेपर्यंत जिन चालू, आणि जिन चालू असेपर्यंत आजी तेथे. म्हातारपणी तिला ऐकू कमी येऊ लागले, तरी भल्या पहाटे ती माझ्या आईला विचारी, "भोंगा झाला काय वं?" मला त्याचे हसू येई. पुढे मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, लढाया आणि तह मुलांकडून पाठ करून घेतले. पण आजीच्या त्या प्रश्नातही इतिहास आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नाही. ते आले २०२० साली, माझ्या मुलामुळे.

मुलगा शेगावला अभियांत्रिकी शिकला आणि पुण्याजवळ हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्याच्या नोकरीविषयी आम्हा उभयतांना माहिती काय, तर दाराशी बस येते, कचेरीत गारवा असतो, चहा फुकट मिळतो आणि पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून अधिक आहे. चारचौघांत सांगण्यास एवढे पुरेसे होते. मग करोनाची साथ आली, मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि तिच्या आदल्या आठवड्यात चिरंजीव एक पेटी व दोन संगणक घेऊन घरी दाखल झाले. माडीवरच्या ज्या खोलीत माझी जुनी पुस्तके होती तेथे त्याने कचेरी थाटली. त्याचे काम मी प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

सकाळी दहाला तो बसे. दुपारचे जेवण जिन्याच्या पायरीवर, एका हाताने. सायंकाळी, जेव्हा गावातले दुकानदार गल्ला मोजू लागत, तेव्हा अमेरिकेतला साहेब उठे, आणि याचा दिवस नव्याने सुरू होई. गिऱ्हाईक कोण, तर तिकडची एक विमा कंपनी. सहा वर्षे तिची सेवा केली, पण तिच्या माणसांचे दर्शन पडद्यावरच. कामाच्या प्रत्येक तक्रारीला 'तिकीट' म्हणतात. तिकीट आले की किती तासांत मिटवायचे ते आधीच ठरलेले. रात्री दोन वाजता फोन वाजला तर उठायचे, कारण त्या आठवड्याची पाळी याची. वर्षअखेर 'अप्रेझल' नावाची परीक्षा. तिच्यात आपण काय केले यापेक्षा शेजारच्याने किती केले यावर गुण. मी जिन्यात उभा राहिलो की तो हात वर करी, "बाबा, जरा हळू. कॉल चालू आहे."

पंचाऐंशी वर्षांची माझी आई खाली ओसरीवर झोपे. एके सकाळी तिने नातवाला गाठलेच. "काऊन रे बाबू, रातभर कोनाशी बोलतं तू?" तो म्हणाला, "आजी, न्यूयॉर्कशी. तिथं आता दिवस असतो." यावर आई म्हणाली, "मंग तिथचा दिवस तुह्या रातीत काऊन?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी पुन्हा पुस्तके उघडली. आणि मौज अशी की, ते उत्तर मला आमच्याच गावाच्या स्टेशनावर सापडले.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर खिळली. सरकारने या भागासाठी कापसाचा कमिशनर असे स्वतंत्र पदच निर्माण केले. त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा उत्साही अधिकारी होता. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली समुद्राच्या तळातून तार मुंबईला पोचली, आणि त्याच वर्षी जलंबपासून खामगावपर्यंतची आठ मैलांची रेल्वे सुरू करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येथे आला. (दोनच वर्षांनी अंदमानात ज्याचा खून झाला, तोच हा.) आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! पण तो फाटा खामगावापुरता नव्हताच. त्याचे दुसरे टोक लिव्हरपूलच्या धक्क्यावर होते. तेथे भाव हलला की तारेने इकडे कळे, आणि इकडच्या बाजारात गाड्या थांबत किंवा धावत. ज्या व्यापाऱ्याने खामगाव कधी पाहिले नाही, त्याच्या घाईने खामगावची बाई पहाटे उठू लागली ती तेव्हापासून.

आता कायद्याकडे पाहू. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्यात मुलांच्या कामाला थोडा आळा होता, मोठ्या माणसांना काहीच नव्हते. आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिन हंगामी, म्हणजे बहुतेक सुटलाच! १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्यास्ताला काम बंद, अशा साध्या मागण्या होत्या. साडेपाच हजार कामगारांनी त्यांवर सह्या केल्या. त्याच सुमारास नेमलेल्या कमिशनपुढे आमच्या शेजारच्या खानदेशातल्या जिनांतून बाया दिवसरात्र राबतात अशा साक्षी झाल्या. रविवारची सुटी मुंबईत १८९० साली मिळाली. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत येण्यास मात्र १९११ उजाडले. आजी सांगे, तपासणीचा साहेब यायचा झाला की मुकादम जास्तीच्या बायांना मागल्या दाराने काढी आणि साहेब गेला की पुन्हा आत घेई. हजेरीपुस्तक अगदी स्वच्छ!

हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने पडद्यावर आपली टाइमशीट उघडून दाखवली. रोज आठ तास. सोमवारी आठ, मंगळवारी आठ, शुक्रवारी आठ. "गिऱ्हाइकाशी करार आठ तासांचा आहे, बाबा. वरचे पाच लिहिले तर मलाच विचारतील, काम जमत नाही का म्हणून." त्याच्या कंपनीत मागले दार नाही, कारण माणूस बाहेर काढण्याची गरजच नाही, तो स्वतःच आपले तास पुसतो. मला त्या क्षणी खरोखर चीड आली, आणि ती त्याच्यावर आली याची आजही लाज वाटते.

तसा हा धंदाही आता जुना झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. त्या काळी परदेशातले काम करायचे तर माणसालाच विमानात घालून गिऱ्हाइकाच्या दारी पाठवावे लागे, जशी रुईची गाठ बोटीने जाई. मग १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरात कचेरी थाटली आणि उपग्रहाच्या वाटेने काम पाठवण्याची सोय केली. १९९०-९१ च्या सुमारास सरकारने पुण्यासह काही शहरांत सॉफ्टवेअर पार्क उभारले. आणि इसवी सन २००० जवळ येताच, सालाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय असलेले जगभरचे संगणक '००' पाहून गोंधळतील या धास्तीने आमच्या मुलांना काम पुरेनासे झाले. आधी गाठ गेली, मग माणूस गेला. आता माणूस घरीच राहतो आणि त्याची रात्र तेवढी जाते. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते एवढेच.

कायदा आजही नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास लिहिले गेले. २०२५ च्या सप्टेंबरात नवाचे दहा करण्यास राज्य मंत्रिमंडळाने संमती दिली. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले, तेव्हा देशभर वाद झाला. मी कागद घेऊन मुलाच्या २०२० मधल्या एका आठवड्याची बेरीज केली. अठ्ठ्याहत्तर आली.

न्यायाचे बोलायचे तर, याच नोकरीने आमच्या घराचे पत्रे काढून वर स्लॅब घातला, आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन केले. मुलगाही मला बजावतो, "आजीच्या सासूला जिन सोडायची सोय होती का? मला आहे." खरे आहे. तो सोडू शकतो. मात्र सोडीन म्हणणारा माणूस हप्त्यांची यादीही जवळ बाळगतो, हे मी पाहिले आहे.

त्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ सांगतो आणि थांबतो. १४ नोव्हेंबर, शनिवार. अमेरिकेत शनिवारची पहाट, तिकडची गिऱ्हाइके झोपेत. म्हणून नवे काम चालू करण्यास हीच वेळ नेमलेली. साडेसहाला आम्ही चौरंग मांडला. लाह्या-बत्तासे, झेंडूची माळ, नवी केरसुणी, सारे जागेवर. मी दोनदा वर जाऊन आलो. दोन्ही वेळा हात वर झाला. अखेर त्याच्या पाटावर कोणी न बसता पूजा झाली. तो खाली आला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि गल्लीतले फटाके थांबले होते. आई जागी होती. तिने त्याच्यासाठी पणतीत पुन्हा तेल घातले, त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि विचारले, "झाला काय रे तुहा भोंगा?"

तो हसला. मला हसू आले नाही.

यंदा तो येणार आहे. आईला आता नव्वदी लागली. पूजेची वेळ ठरवायला मी पंचांग काढून बसलो, तर ती म्हणाली, "ते मंग पाय. आंधी बाबूले फोन लाव, त्याच्या न्यूयॉर्कले कोनती वेळ जमते ते विचार."