दोस्तीचे देणे

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी बसून आम्ही आमच्या समाजाचा अलीकडचा इतिहास वाचतो, तेव्हा त्यात सभा, ठराव आणि निवाडे भरपूर सापडतात. साधा कष्टकरी माणूस चळवळीत येतो कसा, हे मात्र क्वचितच कुणी लिहून ठेवतो. हमीद दलवाई आणि सय्यदभाई यांच्या दोस्तीत त्याचे एक उत्तर आहे.

सय्यद महबूब शाह कादरी हे पुण्यात कारखान्यात काम करून घर चालवणारे. त्यांच्या बहिणीला नवऱ्याने तोंडी तलाक दिला. असे दुःख आमच्या मोहल्ल्यांना नवे नव्हते. लोक त्याला नशीब म्हणत आणि दार लावून घेत. सय्यदभाईंच्या मनात मात्र राग राहिला. तो मांडायला जागा नव्हती.

ती जागा दलवाईंनी दिली. 1932 साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले, राष्ट्र सेवा दलात घडलेले हे कथाकार. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी मुंबईत अवघ्या सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. एका घरात कोंडलेले दुःख हा कायद्याचा, म्हणजे राजकारणाचा प्रश्न आहे, हे सय्यदभाईंना या मित्रामुळे उमगले. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा ते दलवाईंच्या सोबत होते.

दलवाईंची भाषा रोखठोक होती. अनेकांना ती बोचली, आजही बोचते. त्यांची सगळी मते मान्य करायलाच हवीत, असे आम्ही म्हणत नाही. पण तलाकपीडित बाईची कैफियत ऐकायला तेव्हा किती जण बसत होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

3 मे 1977 रोजी दलवाई गेले. वय अवघे 44. मित्र गेला की बहुतेक माणसे घरी परततात. सय्यदभाई परतले नाहीत. शहाबानो खटल्याचा निकाल 1985 मध्ये लागला. त्याच वर्षी मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा काढला. वाटेत विरोध झाला, पण आमच्या विदर्भापर्यंत प्रश्न पोचला. सय्यदभाईंनी आपल्या आत्मकथनाला ‘दगडावरची पेरणी’ असे नाव दिले. मुरमाड रानात कापूस लावणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्यातील तुरुंगवासाच्या शिक्षेवरून समाजात मतभेद आहेत. पण सात महिलांनी मांडलेला प्रश्न आता कुणी खोटा म्हणू शकत नाही. सय्यदभाईंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एप्रिल 2022 मध्ये त्यांचे निधन झाले.

दलवाईंची सोबत त्यांना जेमतेम दहाएक वर्षे लाभली. त्या दोस्तीचे देणे ते पुढची 45 वर्षे फेडत राहिले.